मेरेदच्या मागाने सहा दिवस

पहिला दिवस : सेंट फॅगन्स

लेकीकडे कार्डिफला आलो की पहिले पंधरा दिवस कौतुकाचे जातात. त्यानंतर जावई कामावर, लेक कामावर, नात शाळेत आणि आमची ही मोबाईलवर मराठी मालिकांपुढे. उरतो मी. जानेवारीत इथे साडेचारलाच काळोख पडतो, मग तर घर खायला उठतं. म्हणून यंदा निघतानाच ठरवून आलो होतो की सहा दिवस एकट्याने वेल्समध्ये फिरायचं. किल्ले, धबधबे बघायला नाही, तर एका माणसाच्या मागाने.

माणूस २०१५ साली गेला, पंच्याण्णवाव्या वर्षी. वेल्श लोकगीतं गाणारा आणि गोळा करणारा. नाव मेरेदिद इव्हान्स, पण सगळा वेल्स त्याला ‘मेरेद’ एवढंच म्हणतो.

“गाण्याच्या मागे लागून गारठून मरू नका,” ही म्हणाली. “आणि कानटोपी काढायची नाही. गाणं ऐकतानासुद्धा.”

मेरेदची आणि माझी ओळख दोन वर्षांपूर्वीची. लेकीने तिच्या फोनवर काहीतरी लावलं होतं. पुरुषाचा आवाज, भाषा अनोळखी, साथीला काहीच नाही. मला वाटलं, मुखडा असाच असेल, आता हार्प तरी सुरू होईल. एक कडवं झालं, दुसरं झालं आणि गाणं संपलं. आवाज पहाडी वगैरे बिलकुल नाही. शेजारच्या खोलीत कुणीतरी काम करता करता गुणगुणावं, तसा. माझी सगळी नोकरी ध्वनिमुद्रणात गेली आहे, त्यामुळे कोण माइकसाठी गातोय आणि कोण स्वतःशी, हे मला पटकन कळतं. हा गडी माइक विसरून गात होता. ती तबकडी १९५४ सालची, न्यूयॉर्कच्या फोकवेज कंपनीने काढलेली. त्या वर्षीच्या निवडक लोकगीतांच्या तबकड्यांत न्यूयॉर्क टाइम्सने तिला जागा दिली होती. तेव्हा मेरेद प्रिन्स्टनला तत्त्वज्ञानाची पीएचडी करत होता.

तर आज सेंट फॅगन्स. कार्डिफच्या पश्चिमेला हे उघड्यावरचं संग्रहालय आहे, १९४८ साली सुरू झालेलं. वेल्सच्या कानाकोपऱ्यातली घरं, चॅपलं, गिरण्या दगड न् दगड सोडवून आणून इथे पुन्हा उभ्या केल्या आहेत. मर्थरच्या लोखंड कामगारांची सहा घरांची एक चाळ आहे. पहिलं घर १८०५ सालासारखं मांडलंय, शेवटचं १९८५ सालासारखं. पहिल्यात चुलखंड, शेवटच्यात टीव्ही. सहा दारं ओलांडली की १८० वर्षं संपतात. मी उलटा चाललो, टीव्हीकडून चुलीकडे.

पण माझा जीव होता तो इथल्या आवाजांच्या साठ्यात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रूथ हर्बर्ट लुइस नावाच्या बाई फोनोग्राफ घेऊन उत्तर वेल्समध्ये हिंडत होत्या. खासदाराची बायको, पण जायची कुठे, तर होलिवेलच्या वर्कहाउसात. म्हणजे ज्यांना कुणी नाही अशा म्हाताऱ्याकोताऱ्यांना ठेवायची जागा. तिथे त्यांना गाणारी माणसं सापडली. त्यांचे मेणाचे सिलिंडर आज सेंट फॅगन्सकडे आहेत. मेणावर सुई फिरली की प्रत्येक वेळी थोडं मेण खरवडलं जातं. जितकं ऐकाल तितकं गाणं झिजतं! पुढे १९६३ पासून रॉय सायर या संग्रहालयातल्या माणसाने टेपरेकॉर्डर घेऊन गावोगाव गाणी टिपली. सायरचं ते काम आता कुणीही घरबसल्या ऐकू शकतं. मीही ऐकलंय. कुठे मागे घड्याळाची टिकटिक, कुठे खुर्ची सरकल्याचा आवाज. असलं काही ऐकलं की मला गाण्याआधी ते ऐकू येतं, सवयच तशी.

इथे माझी एक गोष्ट सांगून टाकतो, नाहीतर पुढे सहा दिवस ती आडवी येत राहील. १९८७ साली जत भागातल्या एका म्हातारीच्या जात्यावरच्या ओव्या मी टेप केल्या होत्या. सेकंदाला साडेसात इंचाच्या स्पीडने, पाऊण तास. दोन महिन्यांनी एका उद्घाटनाचं भाषण घ्यायचं होतं आणि कोरा स्पूल नव्हता. कुणी हुकूम दिला नव्हता. मीच कपाटातून तो स्पूल काढला आणि पुसला. भाषण नंतर लागलंसुद्धा नाही. आज त्या ओव्यांतला एक शब्द मला आठवत नाही. आठवते ती दोन ओव्यांमधली तिची खोकल्याची उबळ, आणि “थांब रं लेकरा” म्हणून तिने जात्याचा खुंटा सोडल्याचा आवाज.

दुसरा दिवस : टी-वन बस

कार्डिफहून अबरिस्टविथला जायचं तर रेल्वे तुम्हाला आधी इंग्लंडात श्रूजबरीला नेते आणि मग परत वेल्समध्ये सोडते. दक्षिण आणि उत्तर जोडणारे आतले फाटे १९६०च्या दशकात बंद केले. कारमार्थन ते अबरिस्टविथ हा मार्गही १९६५ साली गेला. तेव्हा मी कारमार्थनपर्यंत गाडीने गेलो आणि पुढे टी-वन बस पकडली. बस विजेवर चालणारी, गुळगुळीत, पण रस्ता आपल्या आंबा घाटासारखा. शेजारच्या आजीबाईंच्या पिशवीतून दर वळणाला एक कोबी बाहेर यायला बघत होता.

हा रस्ता घ्यायचं खरं कारण म्हणजे पेनकारेग. लानअबिदर गाव मागे पडलं की ते येतं. चार घरं आणि एक चर्च. मागे डोंगर. या डोंगरावर टीव्हीचा ट्रान्समीटर आहे.

१९७९ची गोष्ट. वेल्श भाषेचं वेगळं टीव्ही चॅनल देऊ, असं निवडणुकीत सगळ्याच पक्षांनी कबूल केलं होतं. थॅचरबाईंचं सरकार आलं आणि चारेक महिन्यांत गृहमंत्र्यांनी तो शब्द फिरवला. ऑक्टोबरातल्या एका रात्री तीन माणसं या डोंगरावर चढली. एक पेन्नार डेव्हिस, धर्मशास्त्राच्या कॉलेजचे प्राचार्य. दुसरे नेड थॉमस, विद्यापीठात शिकवणारे, एका मासिकाचे संपादक. तिसरा आपला मेरेद, वय वर्षं एकोणसाठ. तिघे आत घुसले आणि त्यांनी ट्रान्समीटर बंद केला. पळून गेले नाहीत. खटला चालला, दोषी ठरले.

यातली गंमत मला जास्त कळते असं मी म्हणेन. कारण हाच मेरेद १९६३ ते १९७३ अशी दहा वर्षं बीबीसी वेल्सच्या मनोरंजन विभागाचा प्रमुख होता. ज्या यंत्रणेवर पोट भरलं, तिचंच बटण जाऊन बंद करायचं! मी आयुष्यभर ‘प्रसारणात खंड पडता कामा नये’ या एका वाक्यावर नोकरी केली. लाइट गेली तर जनरेटरकडे धावताना गुडघा फोडून घेतलाय. त्यामुळे ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा मी मेरेदवर चक्क रागावलो होतो. लोकगीतं गोळा करणाऱ्याने गाणी गोळा करावीत, हे कसले धंदे?

राग उतरायला वेळ लागला. ज्या भाषेत पोरं भांडत नाहीत, जाहिराती बघत नाहीत, फुटबॉलची कॉमेंट्री ऐकत नाहीत, त्या भाषेतलं गाणं फक्त तबकडीवर उरतं. मेरेदने हे चांगलं ओळखलं होतं, कारण तबकडी त्याची स्वतःची होती.

पुढे काय झालं, तेही सांगायला हवं. राजकीय पुढारी ग्विनवॉर इव्हान्स यांनी आमरण उपोषणाचा इशारा दिला आणि सप्टेंबर १९८० मध्ये सरकार नमलं. १ नोव्हेंबर १९८२ ला ‘एस-फोर-सी’ हे वेल्श चॅनल सुरू झालं. आजही चालू आहे.

मनोरा मात्र मला दिसला नाही. डोंगरावर ढग बसला होता. मी काच पुसून पुसून बघतोय म्हणून कोबीवाल्या आजीबाईंनीही वाकून बघितलं, काही दिसलं नाही म्हणून माझ्याकडे बघितलं, आणि पिशवी पोटाशी धरून डोळे मिटले.

तिसरा दिवस : टेकडीवरचं ग्रंथालय

अबरिस्टविथ म्हणजे समुद्राला टेकलेलं कॉलेजचं गाव. रात्रभर लाटा फरशीवर आपटत होत्या. सकाळी पेंगलाइसची चढण चढून राष्ट्रीय ग्रंथालयात गेलो. पांढऱ्या दगडाची ही इमारत खालून बघितली की एखाद्या संस्थानिकाचा राजवाडा वाटतो. १९०७ साली स्थापन झालेल्या या संस्थेत मेरेद आणि त्याची बायको फिलिस किनी या दोघांचे कागद ठेवलेत. शिवाय २०२३ पासून इथे प्रसारणाचं अर्काइव्ह उघडलंय. कानाला हेडफोन लावून खुर्चीत बसायचं आणि साठ-सत्तर वर्षांपूर्वीचा वेल्स ऐकायचा. मी सकाळी दहाला बसलो तो तीनला उठलो. मधे एकदा कॉफी, तीही दाराबाहेर उभ्याने. कानटोपी हेडफोनच्या आत बसत नव्हती. हिला सांगू नका.

मेरेदचा पेशा म्हणाल तर एक नाही. जन्म १९१९ चा. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि गावच्या को-ऑपच्या दुकानात लागला. सात वर्षं साखर-पीठ तोलल्यावर पुन्हा शिक्षणाकडे वळला. महायुद्धात शस्त्र हाती धरायला नकार दिला. बँगरच्या कॉलेजात तत्त्वज्ञानात पहिला वर्ग मिळवला. आणि हे सगळं चालू असताना दोन मित्रांबरोबर ‘त्रियाउद अ कोलेग’, म्हणजे कॉलेजचं त्रिकूट, काढून रेडिओवर धमाल उडवली. बीबीसीचे सॅम जोन्स बँगरहून ‘नॉसन लावेन’ हा कार्यक्रम करत. नॉसन लावेन म्हणजे आनंदाची रात्र. पूर्वी शेतकऱ्यांच्या घरी हिवाळ्यात शेकोटीभोवती लोक जमून गाणी-गोष्टी करत, त्याचंच हे रेडिओ रूप. युद्धानंतरच्या वर्षांत त्याने वेल्सला वेड लावलं. मेरेदला लोक ‘वेल्सचा बिंग क्रॉस्बी’ म्हणायला लागले. बिंग क्रॉस्बी म्हणजे त्या काळी माइकजवळ मऊ आवाजात गाणारा अमेरिकेतला सगळ्यात लाडका गायक.

म्हणजे बघा, त्याला हलकं गाणं येत होतं, टाळ्या घेता येत होत्या. लोकगीत गाताना जे साधेपण येतं, ते त्याला दुसरं काही जमत नव्हतं म्हणून आलेलं नव्हतं. आपल्याकडेही काही गवई अभंग गाताना तान घेत नाहीत. घेता येत असून घेत नाहीत. ऐकणाऱ्याला ती न घेतलेली तान ऐकू येते.

फिलिस किनी हे प्रकरण तर याहून अचाट. ही बाई अमेरिकेची, मिशिगनमधल्या पाँटियाकची. न्यूयॉर्कच्या जुलियार्डमध्ये शिकलेली ऑपेराची गायिका. ब्रिटनमध्ये ऑपेराच्या कामासाठी आली, मेरेद भेटला, १९४८ साली लग्न झालं. बाई वेल्श शिकली, आणि शिकली म्हणजे इतकी की वेल्श लोकसंगीतातला शेवटचा शब्द तिचा मानतात. वाटणी सरळ होती. शब्द मेरेदचे, सुरावट फिलिसची. एकाने पाठभेद तपासायचे, दुसरीने चाल कुठून आली ते शोधायचं. लोकगीत मंडळासाठी दोघांनी मिळून केलेले ‘कानिर कम्री’चे दोन भाग १९८४ आणि १९८७ साली आले. वेल्श लोकसंगीताचा एकहाती इतिहास फिलिसने २०११ साली प्रसिद्ध केला, तेव्हा ती एकोणनव्वदच्या घरात होती. एकोणनव्वद! मी अडुसष्टाव्या वर्षी पेंगलाइसच्या चढावर तीनदा थांबलो.

ते लोकगीत मंडळ स्थापन झालं १९०६ साली. त्याच्या आधी लोकांना वाटायचं, वेल्समध्ये लोकगीतं नाहीतच. चॅपलची प्रार्थना आणि हार्पचे सूर आहेत, बस्स. लोकगीतं दारूच्या गुत्त्यातली, जत्रेतली. धार्मिक घरांत ती कुणी उघडपणे म्हणत नसे. गाणी होती, ती लाजेने दडलेली होती. हे वाचून मला आपल्याकडची लावणी आठवली. पण ते राहू दे, वाट सोडून फार लांब जाऊ.

एक गाणं मात्र सांगतोच. ते ‘हिरायथ’वर आहे. हिरायथ म्हणजे घराची ओढ, गेलेल्याची ओढ, आणि जे कधी आपलं नव्हतंच त्याचीही ओढ. हुरहुर म्हणा, पण आपली हुरहुर संध्याकाळपुरती असते, ही कायमची. जुन्या, कर्त्याचं नाव हरवलेल्या ओळी आहेत. त्यांचा अर्थ असा : जाणत्यांनो, सांगा मला, हिरायथ कशाची विणली? कोणतं सूत घातलं तिच्यात, की वापरून वापरून विरत नाही? सोनं विरतं, चांदी विरते, मखमल विरतं, रेशीम विरतं, अंगावरचं भारीतलं भारी वस्त्र विरतं. हिरायथ तेवढी विरत नाही.

ही ओवीच आहे. जात्यावर बसवली तर बसेल. हेडफोन काढला तेव्हा शेजारच्या खुर्चीतली पोरगी माझ्याकडे बघत होती. मी बहुतेक पायाने ठेका धरला होता.

चौथा दिवस : कुमस्टविथ

अबरिस्टविथला ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या बाईंना मी मेरेदबद्दल विचारलं. फरशी पुसता पुसता त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “उद्या माझा डोंगरापलीकडे जायचा दिवस आहे. गाडीत बसा.” त्यांचा खरोखर तसा दिवस होता की नाही, देव जाणे.

निवृत्तीनंतर मेरेद आणि फिलिस कुमस्टविथला राहायला गेले. वाटेत पाँतारव्हेनाख लागतं. तिथे एकाच घळीवर एकावर एक असे तीन पूल आहेत. सगळ्यात खालचा मध्ययुगातला, मधला अठराव्या शतकातला, वरचा १९०१ चा. नवा पूल बांधताना जुना कुणी पाडलाच नाही. खाली पाणी इतकं गर्जत होतं की बाई काय सांगतायत ते मला अर्धंच कळलं.

त्यापुढे रस्ता अरुंद होत जातो आणि दरी उघडी पडते. शिशाच्या खाणी इथे विसाव्या शतकापर्यंत चालल्या. आता दोन्ही अंगाला राखाडी ढिगारे, पडक्या भिंती, त्यावर गवतसुद्धा धड उगवत नाही. पण या खाणी शिशाच्याही आधीच्या. वरच्या डोंगरात चार हजार वर्षांपूर्वीची तांब्याची खाण सापडलीय आणि खाली २००२ साली सोन्याची एक पातळ चकती मिळाली, जेमतेम चार सेंटिमीटर व्यासाची, वेल्समध्ये सापडलेल्या सोन्यापैकी सगळ्यात जुनी. वर घिरट्या घालणाऱ्या तांबड्या घारी. एके काळी अख्ख्या ब्रिटनमध्ये मोजक्याच उरल्या होत्या, त्याही याच मध्य वेल्सच्या डोंगरांत.

गाव म्हणावं तर विखुरलेली घरं. मी कुणाचं दार वाजवलं नाही. चॅपलपाशी थोडा वेळ उभा राहिलो. वारा असा की कानटोपीचं महत्त्व पटलं. बाई गाडीतच बसून होत्या. मी परत आल्यावर त्यांनी काच खाली केली आणि सांगितलं की मेरेदला त्यांनी तरुणपणी एका सभेत ऐकलं होतं.

“गाताना?”

“नाही, भांडताना. भाषेच्या कार्यालयीन वापरावरून. फार गोड भांडायचे. शेवटी कुणीतरी गायला सांगितलं, तर दोन कडवी म्हणाले आणि विचारलं, तुमच्याकडे ही चाल कशी म्हणतात? मागच्या रांगेतला एक शेतकरी उठला आणि त्याने वेगळीच म्हणून दाखवली. मेरेदनी खिशातून कागद काढला.”

“लिहून घेतली?”

“आणि आमच्याकडून म्हणूनही घेतली. दोन्ही चाली.”

परतीच्या वाटेवर मी फार बोललो नाही. जतच्या म्हातारीसमोर मी फक्त मीटरचा काटा बघत बसलो होतो. तिने म्हटलेली एक तरी ओवी तिच्यामागे म्हणून बघावी, हे तेव्हा डोक्यात आलंच नाही.

पाचवा दिवस : तान-अ-ग्रिश्याइ

पाऊस. सकाळी टी-टू बसने उत्तरेला निघालो तेव्हा पाऊस, पोर्थमॅडॉगला बस बदलली तेव्हा पाऊस, उतरलो तेव्हाही पाऊस. या भागाला हे काही नवीन नाही.

मेरेदचा जन्म लानेग्रिनचा, पण तान्हा असतानाच घर इकडे आलं. तान-अ-ग्रिश्याइ म्हणजे ‘पायऱ्यांखाली’. ब्लाइनाय फेस्टिन्योग या पाटीच्या दगडाच्या गावाला चिकटलेली वाडी. घराच्या छपरावर पाटी, कुंपणाला उभ्या पाट्या, थडग्यावर पाटी, आणि गावामागे पाट्यांचे ढिगारे आभाळापर्यंत. ओल्या झाल्या की जांभळट चमकतात. राष्ट्रीय उद्यानाची सीमा आखताना या गावाला मधोमध भोक पाडून वगळलं होतं. ढिगारे कोण बघणार म्हणून! २०२१ साली त्याच ढिगाऱ्यांसकट हा मुलूख युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला.

मी वरच्या कुमॉर्थिनच्या पडक्या खाणीकडे अर्ध्यापर्यंत चढलो, मग गुडघ्याने जाहीर नकार दिला. पण अर्ध्यातूनही दिसतं. तळं, छप्पर उडालेली कामगारांची घरं, बिनछपराचं चॅपल. खाणीत ‘काबान’ नावाची जेवणाची खोपटं असायची. दुपारच्या सुट्टीत तिथे नुसतं जेवण होत नसे. वादविवाद, कविता, गाणी, छोटी आयस्तेदवॉद म्हणजे स्पर्धा, असं सगळं चाले आणि त्याची रीतसर इतिवृत्तं लिहिली जात. हाताला पाटीची धूळ, डब्यात ब्रेड आणि विषय ‘देव आणि विज्ञान’. को-ऑपच्या गल्ल्यावरून उठून एखादा पोरगा थेट तत्त्वज्ञानाकडे कसा जातो, याचं उत्तर मला तिथे भिजत उभं राहून मिळालं.

गाणी त्याला आईकडून मिळाली. चार्लट तिचं नाव. काम करता करता ती गायची आणि मुलं ऐकत. तिला कुणी गायिका म्हटलं नसेल. मेरेद पुढे न्यूयॉर्कच्या तबकडीवर गायला तो असाच, भांडी घासता घासता म्हणावं तसा. पहिल्यांदा ऐकताना मला जे ‘शेजारच्या खोलीतून’ वाटलं होतं, ती खोली बहुतेक स्वयंपाकघर होती.

बूट हीटरपाशी वाळत घालून लवकर झोपलो.

सहावा दिवस : माथ्लुइड

हे गावाचं नाव उच्चारायला मला चार दिवस लागले. वेल्शमधला ‘दोन एल’चा आवाज देवनागरीत लिहिताच येत नाही. मी लिहितोय ते ‘थ्ल’ म्हणजे तडजोड. ‘ल’ म्हणायला जीभ टेकवायची आणि घशातून आवाज न काढता दोन्ही बाजूंनी नुसती हवा सोडायची. बसस्टॉपवर एका शाळकरी पोराने मला शिकवलं. बदल्यात मी त्याला ‘ळ’ शिकवला. ‘कावळा’ त्याला दुसऱ्या फटक्यात जमला.

ब्लाइनायहून डॉल्गेथ्लाय, तिथून माथ्लुइड. डॉल्गेथ्लायला चहापुरता थांबलो. तिथे एका जुन्या हार्पवाल्याच्या नावाने ‘टी शामास’ हे लोकसंगीताचं राष्ट्रीय केंद्र २००७ साली उघडलं होतं. पण माझं लक्ष रात्रीकडे होतं. आज प्लगाइन.

प्लगाइन ही मूळची नाताळची पहाट. लॅटिनमधल्या कोंबड्याच्या आरवण्यावरून शब्द आलाय. मेणबत्त्या घेऊन पहाटे चर्चमध्ये जमायचं आणि गायचं. आता बहुतेक ठिकाणी ती रात्री होते आणि जानेवारीच्या मध्यापर्यंत गावोगाव चालू राहते. माथ्लुइडची १३ जानेवारीच्या आसपास असते, म्हणजे १७५२ साली इंग्रजांनी पंचांग बदललं त्याच्या आधीच्या हिशेबाने नव्या वर्षाच्या दिवशी. अडीचशेहून जास्त वर्षं झाली तरी जुनी तिथी धरून बसलेत. आवडलं मला.

चर्च संत तिदेखोचं, लहान, बुटकं. दाराच्या वर दोन प्रचंड हाडं टांगलेली आहेत. कुणी देवमाशाची म्हणतं, कुणी आणखी कशाची. ते दार १६४१ चं, जॉन डेव्हिस या धर्मगुरूने बांधलेलं. याच माणसाने १६२० चं सुधारलेलं वेल्श बायबल घडवण्यात मोठा हात दिला आणि १६३२ साली शब्दकोश छापला. एवढ्याशा खेड्यात बसून!

मी मागच्या बाकावर बसलो. चर्च खच्चून भरलं. धर्मगुरूंनी थोडी प्रार्थना म्हटली, मग ‘प्लगाइन उघडली आहे’ अशा अर्थाचं एक वाक्य म्हणून ते खाली बसले. पुढे कुणीच काही बोललं नाही. शांतता. कुणाचा तरी बूट वाजला. मग मधल्या बाकावरून तीन माणसं उठली, दोघं बापलेक असावेत, पुढे गेली. एकाने कोटाच्या खिशातून ट्युनिंग फोर्क काढला, गुडघ्यावर मारला, कानाशी नेला आणि ‘म्म्’ करून दोघांना सूर दिला. हातात वही होती, कडा झिजून कापसासारख्या झालेली, शाईने लिहिलेली. तिघांच्या तीन पट्ट्या एकात एक मिसळल्या.

कॅरल, म्हणजे नाताळचं गाणं, म्हटलं की आपल्याला ‘जिंगल बेल’ आठवतं. हे त्यातलं नव्हे. अ‍ॅडमच्या पतनापासून क्रूसापर्यंतची सगळी कथा, दहा-बारा कडवी, अनुप्रासांनी गच्च. आणि चाली मात्र बऱ्याचशा जत्रेतल्या पोवाड्यांच्या. चॅपलने दाराबाहेर काढलेली चाल अशी मागच्या दाराने देवापुढे येऊन बसलेली. गाणं संपलं. टाळी नाही, धन्यवाद नाही, पुढच्याचं नाव पुकारणं नाही. तिघे जागेवर जाऊन बसले. पुन्हा शांतता, पुन्हा बूट, पुढचे लोक. नवरा-बायको. चार बहिणी. एक म्हातारा एकटाच. एकाने म्हटलेलं कॅरल दुसऱ्याने त्या रात्री म्हणायचं नाही, हा नियम. सगळे एकदा म्हणून झाले की त्याच क्रमाने दुसरी फेरी. क्रम कुठेही लिहिलेला नसतो, सगळे लक्षात ठेवतात.

मी खिशात फोन दाबून धरला होता. दुसऱ्या फेरीत एकदा बाहेर काढला, स्क्रीन उजळली, आणि परत ठेवला. समोरच्या बाकावरची आठ-नऊ वर्षांची मुलगी ओठ हलवत होती. आवाज नाही, नुसते ओठ, आपल्या आजोबांच्या गटाबरोबर शब्द न् शब्द.

शेवटी ‘जेवणाचं कॅरल’. गायला आलेले सगळे पुरुष पुढे जातात आणि एकत्र म्हणतात. वीसेक जण दाटीवाटीने उभे राहिले. खालचा सूर लागला तेव्हा बाकाचं लाकूड मला पाठीला जाणवलं.

मग हॉलमध्ये कॉल, म्हणजे मटणाचं, कांदापात-बटाट्याचं पातळ कालवण, ब्रेड आणि चीज. माझ्यासमोर वहीवाले आजोबा येऊन बसले. नात शेजारी. कुठून आलात, काय करता, झालं. ध्वनिमुद्रणातला माणूस म्हटल्यावर त्यांनी चमचा खाली ठेवला.

“मग खरं सांगा. कसं झालं आमचं?”

खोटं बोलणं जिवावर आलं. “पहिली फेरी सुरेख. दुसऱ्या फेरीत पाचव्या कडव्यापासून तुम्ही खाली सरकलात. शेवटी अर्ध्या सुराने उतरला होतात.”

ते क्षणभर गप्प. मग टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या लेकाकडे वळून वेल्शमध्ये काहीतरी ओरडले. तिकडून हशा उठला आणि लेकाने आपल्या छातीवर हात ठेवून मान डोलवली.

“मी त्याला घरी हेच सांगत होतो,” आजोबा म्हणाले. “ऐकत नाही. पाचव्या कडव्याला दरवर्षी हाच खाली ओढतो. त्याआधी माझा बाप ओढायचा.”

“आजोबा, तू पण ओढतोस,” नात म्हणाली, आणि त्यांच्या ताटातलं चीज उचललं.